निघणाऱ्याला हाक मारायची नाही

लीड्स,
२३ एप्रिल १९६३

ती. सेलिनाताईंना,
एटेल्काचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. वाटेत खायला म्हणून तुम्ही दिलेली खेकड्याची सँडविचेस तुमच्या भावानं बस सुटायच्या आधीच संपवली आणि मग लीड्स येईपर्यंत मलाच विचारत राहिला की खायला काही आहे का. ईस्टरचे चार दिवस फार छान गेले. चार म्हणते, पण खरं तर तीनच. हे पत्र आहे ते शनिवारबद्दल.

ताई, मी नेमकं काय केलं ते मला अजून कळलेलं नाही. सकाळी बाबा होडीकडे गेले आणि त्यांचा मफलर खुंटीवरच राहिला. वारा तर असा की कान गळून पडावेत. मी मफलर घेऊन तशीच धावत सुटले. ते उतारावरून पाण्याकडे चालले होते, म्हणून मी वरूनच मोठ्यानं ओरडले की बाबा, थांबा, देव तुमच्या पाठीशी असो, संध्याकाळी सुखरूप परत या. आणि हात हलवत राहिले. आमच्या हंगेरीत माणूस शेजारच्या गावी चालला तरी एवढं म्हणतातच.

बाबा थांबले. वळून माझ्याकडे बघितलं, एका दगडावर बसले, बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर घरी चालत आले. होडीवरचे त्यांचे जोडीदार जेथ्रोकाका पाण्यात थुंकले. बाकीच्या तीन होड्यांवरची माणसंही घराकडे वळली. त्या दिवशी गावातून एकही होडी पाण्यात उतरली नाही, आणि का ते मला कुणी सांगेना. एडविनला विचारलं तर म्हणाला की जुन्या गोष्टी असतात, सोडून दे. हा माणूस चाळीस पोरांना इतिहास शिकवतो आणि बायकोला एक साधी गोष्ट सांगू शकत नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली, आणि बाबा मला आत्ता कुठे नावानं हाक मारायला लागले होते. त्यांच्या मनात माझ्याबद्दल अढी तर बसली नाही ना? दुपारभर ते खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करत बसले होते आणि मला दोनदा म्हणाले की ती सुतळी दे. हा राग होता का? खरं काय ते लिहा.

तुमचा लोभ शनिवारच्या आधी होता तेवढाच असू द्यावा, ही विनंती.

तुमची,
एटेल्का


स्केल्सी,
३० एप्रिल १९६३

चि. सौ. एटी हिला,
सेलिनाचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी पोट धरून हसले. मग जेथ्रोच्या बायकोला वाचून दाखवलं, तीही हसली. राग मानू नकोस. तुला हे सगळं आधी सांगून ठेवायचं काम एडविनचं होतं, पण आपला एडविन म्हणजे पुस्तकात सगळं आणि घरात शून्य.

तर ऐक. आमच्याकडे समुद्रावर निघणारा माणूस दार उघडतो, एक पाय बाहेर टाकतो आणि म्हणतो, निघालो. आधी नाही म्हणत. आपण म्हणायचं, हं. झालं, संपलं. कुठे निघालात ते विचारायचं नाही. निघणाऱ्याला मागून हाक मारायची नाही. काही विसरला असेल तर विसरू द्यायचं, गारठला तर गारठू द्यायचं. त्याच्यामागून पाण्यापर्यंत जायचं नाही. हात तर अजिबात हलवायचा नाही, कारण समुद्राला वाटतं त्यालाच बोलावलंय. आणि दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचं नाही, कारण मग तो दिसेनासाच राहतो. चुकून ह्यातलं एखादं घडलं तर त्या दिवशी माणूस होडीत पाय ठेवत नाही. तू तर सगळं एका दमात केलंस, वर देवालाही मध्ये ओढलंस! माझ्या अठ्ठेचाळीस वर्षांत एवढं कुणाला जमलेलं नाही.

बाकी गावाचं म्हणशील तर कुणी रडत बसलेलं नाही. जेथ्रोच्या घराची पन्हळ फेब्रुवारीपासून गळत होती, ती त्या शनिवारी दुरुस्त झाली. त्याची बायको म्हणते, पुढच्या सुट्टीत एटीला पुन्हा बोलवा, आता छपराचं काम राहिलंय.

बाबांच्या रागाचं विचारतेस. अगं वेडे, त्यांनी तुझ्याकडे सुतळी मागितली. माझ्याकडे त्या माणसानं १९४९ पासून चहाखेरीज काही मागितलेलं नाही. आई गेल्यापासून पिंजऱ्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत. तुझी अढीबिढी काढून टाक डोक्यातून.

उत्तर लवकर पाठव. लोभ होता तसाच आहे, वर थोडी करमणूक झाली ती वेगळी.

तुझी,
सेलिना


लीड्स,
२ जून १९६३

ती. सेलिनाताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी उशाशी ठेवलंय आणि नियम वहीत उतरवून घेतलेत. योगायोग असा की मंगळवारच्या संध्याकाळच्या वर्गात पिकर्सगिलबाई सध्या आम्हाला निघण्याचेच शब्द शिकवताहेत. इंग्रजीत माणूस किती तऱ्हांनी निघतो! 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणं. 'बी ऑफ' म्हणजे पाहुणा निघतो म्हणून उठतो ते, आणि पुढे तासभर दारात बोलत उभा राहतो. 'पुश ऑफ' हा शब्द फक्त नकोशा माणसाला वापरायचा असतो, हे मला उशिरा कळलं. पाद्रीबाबा घरी आले होते, त्यांना जायची घाई दिसली, म्हणून मी हसून म्हटलं की आता तुम्ही पुश ऑफ करा, काही हरकत नाही. ते लगेच गेले. एडविन स्वयंपाकघरात जाऊन टेबलावर डोकं ठेवून हसत होता.

शेवटचा शब्द 'सी ऑफ'. जाणाऱ्याबरोबर स्टेशनापर्यंत किंवा धक्क्यापर्यंत जायचं आणि तो जाईपर्यंत तिथं उभं राहायचं. बाई म्हणाल्या, अगदी साधा शब्द आहे, प्रत्येक इंग्रज घरात हे करतात. मी हात वर केला आणि सांगितलं की स्केल्सीत नाही करत. बाईंना स्केल्सी कुठे आहे ते ठाऊक नव्हतं.

आता खरी बातमी. एडविनला स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली आहे. तीन वर्षांसाठी. मलाही तिथल्या शाळेच्या ग्रंथालयात काम मिळेल असं म्हणतात. आम्ही हो कळवलं. सोमवारी, १२ ऑगस्टला, हल बंदरातून दुपारी जहाज सुटेल. एडविन शीळ घालत घरभर फिरतोय, मीही खूश आहे. पण बाबा शहात्तर वर्षांचे आहेत, आणि तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं.

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही बाबांना घेऊन हलच्या धक्क्यावर याल का? तुमच्या गावापासून बसनं दोन तास. नियम मला पाठ आहेत, पण आम्ही काही मासे धरायला चाललेलो नाही, आणि जहाजही मोठं आहे. आम्ही आहोत तिकिटाचे प्रवासी. प्रवाशांना नियम लागू नसतील, असं मला वाटतं. हे तुम्हीच त्यांना विचारा, मला धीर होत नाही.

लोभ असावा, आणि तो धक्क्यापर्यंत यावा.

तुमची,
एटेल्का


स्केल्सी,
९ जून १९६३

चि. सौ. एटीस,
अ. उ. आ.

दोघांचं मनापासून अभिनंदन. बाबांना बातमी सांगितली तेव्हा ते जेवत होते. ऐकलं आणि आणखी एक बटाटा वाढून घेतला. ते खूश असले की असंच करतात. मग विचारलं की स्वीडनमध्ये मासे कुठले मिळतात. मला काय ठाऊक? एडविनला विचारून लिही, नाहीतर हे मला रोज विचारतील.

धक्क्याचं मात्र जमणार नाही, एटी. तुला उगाच आशा लावत नाही. पण का, ते तुला कळायला हवं.

आमच्या रूबेनबद्दल एडविननं तुला भिंतीवरच्या फोटोपुरतं सांगितलं असेल. माझ्यानंतरचा, एडविनच्या आधीचा. १९४१ साली तो आरमारात गेला, सुरुंग काढणाऱ्या बोटीवर. त्या वेळी आई हट्टाला पेटली. म्हणाली, माझं लेकरू काही आपल्या होडीतून चाललेलं नाही, आगगाडीत बसून चाललंय, तिथं कसले आलेत नियम? अगदी तू म्हणतेस तेच. बाबांनी तिचं ऐकलं. नवा शर्ट घालून स्टेशनात गेले, फलाटावर उभे राहिले आणि टोपी काढून हलवत राहिले, गाडी वळणाआड जाईपर्यंत. दोन महिन्यांत तार आली.

आईनं स्वतःला कधी दोष दिला नाही, बाबांनीही तिला दिला नाही. सगळा दोष त्यांनी आपल्याच टोपीला दिला. त्या दिवसापासून त्यांनी फलाटावर पाय ठेवलेला नाही. तू म्हणशील, सुरुंगाचा आणि टोपीचा काय संबंध. मीही तेच म्हणते. पण मी म्हणून काय उपयोग?

तेव्हा तू तो हट्ट सोड. निघायच्या आधी आठवडाभर इकडे या, मनसोक्त खा, बाबांशी भांडा, आणि मग गुपचूप निघा. हे मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय, आणि त्यांच्याही.

कळावे. लोभाला धक्क्याची गरज पडत नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
सेलिना


लीड्स,
२० जून १९६३

ती. सेलिनाताईंना,
सा. न. वि. वि.

रूबेनभाऊंचं वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले होते. मला हे आधी माहीत असतं तर मी मागितलं नसतं. आता मागून झालंय, तर निदान का मागितलं ते तरी सांगते. मग पुन्हा हा विषय काढणार नाही.

१९५६ च्या नोव्हेंबरात मी घर सोडलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सरकारविरुद्धचा उठाव सैन्यानं चिरडला होता, आमच्या वर्गातली मुलं पकडून नेत होते. दोन मैत्रिणींनी एका ट्रकवाल्याशी बोलून ठेवलं होतं. दुपारचे तीन वाजले होते. आई स्वयंपाकघरात शेवयांची कणीक मळत होती, माझ्याकडे पाठ करून. मी तिला म्हणाले की मावशीकडून शिवणयंत्राची सुई घेऊन येते. खरं सांगितलं असतं तर तिनं मला जाऊ दिलं नसतं, किंवा चौकशीला कुणी आलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं. ती म्हणाली, हं. मी दाराबाहेर पडले.

१९५९ मध्ये शेजारीणबाईंचं पत्र आलं की आई गेली. शेवटचं मी तिला सांगितलं ते सुईचं खोटं, आणि शेवटची मला दिसली ती तिची पाठ. त्यानंतर मी निर्वासितांच्या छावणीतून निघाले, आगगाडीतून निघाले, बोटीतून निघाले. प्रत्येक ठिकाणी लोक हात हलवत होते, रडत होते, आणि ते सगळे दुसऱ्या कुणासाठी तरी आलेले होते. ताई, मला एकदाच, फक्त एकदा, धक्क्यावर माझं माणूस उभं असलेलं बघायचं होतं. बाबांना मी माझंच माणूस मानते, म्हणून मागितलं.

स्वीडनमध्ये हेरिंग मिळतात, कॉड मिळतात, आणि एडविन म्हणतो की खेकडे आपल्यापेक्षा छोटे असतात. बाबांना हे ऐकून बरं वाटेल.

लोभ असावा. बाकी काही नको.

तुमची,
एटेल्का


स्केल्सी,
२८ जून १९६३

चि. सौ. एटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. तुला न विचारता दाखवलं, त्याबद्दल पुढच्या भेटीत काय बोलायचं ते बोलून घे. ऐकताना ते विस्तवाकडे बघत होते. वाचून झाल्यावर उठून शेडमध्ये गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत आलेच नाहीत. आले तेव्हा मी सरळच विचारलं की मग काय ठरलं. ते म्हणाले, "रूबेनला मी पोचवायला गेलो. तिला नाही जायचा. ती परत यायला हवी."

त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. ह्यावर मी त्यांच्याशी काय वाद घालणार, तूच सांग.

आणखी एक म्हणते. ते मनात धरायचं की फेकून द्यायचं, हे तुझं तू ठरव. तू आईला सुई आणते म्हणालीस आणि ती नुसती हं म्हणाली. गावात दंगल, रस्त्यावर सैन्य, आणि एकोणीस वर्षांची पोर सुईसाठी बाहेर पडतेय. मी आई नाही, पण माझी भाची असती तरी मी कणीक टाकून दारात आडवी झाले असते. तुझ्या आईनं मान वळवली नाही. का वळवली नसेल? मी तिला ओळखत नाही, म्हणून पुढे बोलत नाही. पण पाठ करून हं म्हणणारी माणसं मी जन्मभर बघत आलेय, आणि त्यातलं एकही बेफिकीर नव्हतं.

छोट्या खेकड्यांची बातमी बाबांना फारच आवडली. जेथ्रोला दोनदा सांगून झाली.

रागावली असलीस तरी पत्र लिही. लोभात राग मुरतो, वेळ लागतो एवढंच.

तुझी,
सेलिना


लीड्स,
६ ऑगस्ट १९६३

ती. ताईस,
एडविनचा नमस्कार वि. वि.

सामान बांधून झालं. बायकोनं एवढी पुस्तकं भरली आहेत की जहाज एका बाजूला कलणार. तू दिलेल्या दोन्ही जर्सी मी वरच ठेवल्यात, तेव्हा चौकशीचं पत्र लिहू नकोस.

एटी स्वतः लिहील की नाही ठाऊक नाही, म्हणून मी लिहितोय. तिच्या आईबद्दल तू जे लिहिलंस ते तिनं तीनदा वाचलं. पहिल्या दिवशी भडकली. म्हणाली, माझी आई माझी आई होती, तुमच्या गावातली कुणी नव्हती, आमच्याकडची माणसं निरोप देताना रडतात. दुसऱ्या दिवशी पत्र पुन्हा काढून वाचलं. तिसऱ्या दिवशी तिनं शेवयांची कणीक मळायला घेतली आणि मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. शेवया उत्तम झाल्या होत्या. त्यानंतर ती त्याबद्दल काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. तू म्हणशील, घरात शून्य. असेन, पण काय विचारू नये एवढं मला कळतं.

परवा तुमच्याकडून निघालो तेव्हाचं तू बघितलं नाहीस, कारण नियमाप्रमाणे तू आत भांडी घासत होतीस. बाबा शेडमध्ये वल्ह्याला पॉलिश करत होते. एटी दारात गेली आणि म्हणाली, निघाले. ते म्हणाले, हं. तिनं अगदी आपल्यासारखं केलं, मला अभिमान वाटला. पण बसमध्ये बसल्यावर तिनं खिडकी खाली केली आणि शेडच्या दाराकडे बघत बसली. बस दहा मिनिटं उशिरा सुटली. ती दहा मिनिटं तिनं मान वळवली नाही. दार उघडलं नाही. मला त्या बंद दाराची सवय आहे, चौतीस वर्षांची. तिला नाही.

तेव्हा एक सांगतो. बाबांना हल बंदरात आणायचा घाट घालू नकोस. ते आले आणि मग तीन वर्षं रोज तारेची वाट बघत बसले, तर तो निरोप तिलाच नको होईल. आणि तूही येऊ नकोस. तू कुठे निघालीस म्हणून कुणी विचारणार नाही, पण तुझं तोंड बघून सगळ्या गावाला कळेल.

आमचं बरं चाललंय. ती हसते, गाते, याद्या करते. फक्त 'धक्का' हा शब्द निघाला की दुसरं काहीतरी शोधायला लागते. होईल ठीक.

लोभ असू दे, उपदेश थोडा कमी असू दे.

तुझा,
एडविन


जहाजावरून,
१२ ऑगस्ट १९६३, संध्याकाळचे सात

ती. सेलिनाताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र बुधवारी गोथेनबर्गला टपालात पडेल, पण मला आत्ताच लिहायला हवं. एडविन खाली पडून आहे. कोळ्याचा मुलगा आहे, पण जहाज समुद्राला लागल्यापासून तोंड हिरवं पडलंय. बाबांना सांगू नका. किंवा सांगा, त्यांना आवडेल.

हलच्या धक्क्यावर खूप गर्दी होती. आम्ही मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या कठड्याला जाऊन उभे राहिलो, नदीकडे तोंड करून. गोदीतून नदीत सोडणारे दरवाजे उघडायला उशीर झाला, तासाभरानं निघालो. मी एडविनला म्हणाले की मला काही वाटत नाही. त्यानं माझा हात धरला, म्हणजे त्याला ते पटलं नव्हतं.

मग हंबर नदीचं मुख आलं, स्पर्नचं टोक मागे पडलं आणि जहाज मोकळ्या पाण्यात आलं. लोक पुन्हा कठड्याशी जमले. एडविनला ती आधी दिसली. म्हणाला, ती होडी बघ. मी म्हटलं, होड्या तर पुष्कळ आहेत. तो म्हणाला, नाही, ती बघ. निळी होडी, टोकाला पांढरा पट्टा, आणि तुमच्या आईचं नाव, प्रुडन्स. जहाजापासून फार तर दोन शेतांच्या अंतरावर. जेथ्रोकाका वल्ह्यांशी बसले होते, आमच्याकडे तोंड करून. आणि पिवळा डगला घातलेले बाबा आमच्याकडे पाठ करून उभे होते. पिंजरा ओढत होते.

आमच्या जहाजावरचे सगळे हात हलवायला लागले. होडी दिसली की लोक हलवतातच. कुणी शिट्ट्या मारल्या, एका बाईनं रुमाल हलवला. जेथ्रोकाकासुद्धा हलले नाहीत. बाबांनी मागे बघितलं नाही. ओढत राहिले, एका हातावर दुसरा हात, अगदी सावकाश.

ताई, माझाही हात वर गेला होता. एडविन काही म्हणायच्या आत मी तो खाली घेतला आणि कठडा घट्ट धरला. हाक गळ्यापर्यंत आली होती, ती गिळली. आणि होडी लहान व्हायला लागली तेव्हा, ती दिसेनाशी व्हायच्या आधीच, मी वळले. मग रडले, पण जिन्यावर बसून, समुद्राला न दाखवता. जन्मात इतकं बरं वाटून मी कधी रडले नव्हते.

नंतर जाऊन दोन वेळचं जेवले. एडविनचं ताटही मीच संपवलं. बाबांना त्या दिवशी तिथं काम होतं की ते माझ्यासाठी आले होते, ते मला कसं कळणार? तुम्ही विचारू नका. पण तुम्हाला आपोआप काही कळलं तर लिहा.

लोभ आहे, आज तो मी डोळ्यांनी बघितला.

तुमची,
एटेल्का


स्केल्सी,
२० ऑगस्ट १९६३

चि. सौ. एटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. एडविनच्या हिरव्या तोंडाची हकिकत बाबांनी तीनदा वाचायला लावली आणि तिसऱ्यांदा आणखी एक बटाटा वाढून घेतला.

सोमवार हा माझा धुण्याचा दिवस. पण घरचं कुणी समुद्रावरून लांबच्या प्रवासाला निघालं असेल त्या दिवशी आम्ही कपडे धूत नाही, माणूस पाण्याबरोबर वाहून जातो म्हणतात. मी इतकी वर्षं त्याला हसत आले. त्या सोमवारी मात्र मी कपड्यांना हात लावला नाही. तू कुणाला सांगू नकोस.

अकरा वाजता बाबा दारात आले आणि म्हणाले, निघालो. मी म्हटलं, हं. त्या दिवशी दुसरं कुणी पाण्यात जाणार नव्हतं, सगळे जत्रेला गेले होते. पण मी विचारलं नाही. संध्याकाळी परत आले ते रिकाम्या हातानं. तेव्हाही विचारलं नाही. पुढचं मला जेथ्रोनं सांगितलं, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घालून. म्हणून तुला लिहितेय.

जिथं तुला होडी दिसली तिथं खेकडा नाही, एटी. कधीच नव्हता. खाली नुसता चिखल आहे, आमच्या आजोबांनीसुद्धा तिथं कधी पिंजरा टाकला नाही. बाबा फक्त एकच पिंजरा घेऊन गेले होते. तुमचं जहाज तासभर उशिरा आलं. तेवढ्या वेळात त्यांनी तो पिंजरा अकरा वेळा वर ओढला आणि अकरा वेळा खाली सोडला. जेथ्रोनं बाबांना विचारलं की अँब्रोस, हे काय चाललंय. तर त्याच्यावरच खेकसले, कामाला निघालेल्या माणसाला प्रश्न विचारतोस होय म्हणून. पोचवायला उभे नव्हते ना ते. तेही निघालेलेच होते.

जहाज जवळ आलं तेव्हा बाबांनी पाठ केली आणि जेथ्रोला विचारलं, "ती आहे का कठड्याशी?" जेथ्रो म्हणाला, आहे. "हात हलवतेय का?" जेथ्रो म्हणाला, वर गेला होता, खाली घेतला. बाबा म्हणाले, "शहाणी पोर माझी." एवढं म्हणून त्यांनी पिंजरा पुन्हा सोडला. जेथ्रो म्हणतो, दोरी हातातून सुटून सगळीच्या सगळी पाण्यात गेली. पन्नास वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

काल चहा पिताना त्यांनी कॅलेंडर मागितलं. तुमच्या परतीच्या जहाजाची तारीख आत्ताच विचारून ठेव, म्हणाले. मी म्हटलं, अहो बाबा, अजून तीन वर्षं आहेत. तर म्हणाले, असू देत, एटीला लिही की हलच्या धक्क्यावर मी उभा असेन. येणाऱ्याला न्यायला जायला आपल्याकडे कसलीही बंदी नाही, सहा तास आधी गेलं तरी चालतं.

तेव्हा तारीख कळव. लोभ धक्क्यावर उभा असेल.

तुझी,
सेलिना